आधी सुई बघा

नांदेड-लातूरच्या जुन्या घरांत रेकॉर्डच्या पेट्या अजून आहेत. माळ्यावर, पलंगाखाली, धान्याच्या कोठ्यांमागे. आजोबा गेले, बाबांनी कॅसेट आणली, मग सीडी आली, मग मोबाइल, आणि पेटी जिथं होती तिथंच राहिली. आता नातवाला ती वाजवायची हौस आली आहे. फार चांगली गोष्ट. पण हा नातू दुकानात जातो, नाहीतर मोबाइल उघडतो, आणि पहिलाच प्रश्न चुकीचा विचारतो: कुठला प्लेयर घेऊ?

दादा, प्लेयर राहू दे. सुई कसली लावणार ते आधी सांग.

सागवानी पेटी, निळे दिवे, ब्लूटूथ, काचेचं झाकण यातलं काहीच तबकडीला शिवत नाही. शिवतो तो कार्ट्रिजमधून, म्हणजे आर्मच्या (सुई पेलणाऱ्या दांड्याच्या) टोकाला बसवलेल्या डबीतून, खाली आलेला हिऱ्याचा एक कण. खाचेतली लहर तो उचलतो, त्याला धरणारी बारीक दांडी हलते, दांडीच्या दुसऱ्या टोकाचं चुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळ थरथरतं आणि चार-पाच मिलिव्होल्टची वीज निघते. सगळं गाणं एवढ्याशा विजेत आहे. पुढचा अँप्लिफायर आणि स्पीकर तिला मोठं करतात. तिच्यात जे आलंच नाही ते त्यांना आणता येत नाही. आणि तो कण झिजलेला, तुटलेला किंवा चुकीच्या मापाचा असला, तर गाणं वाचता वाचता तो ते खोडत जातो.

म्हणून हातात पैसे कमी असतील तर माझा नियम एकच आहे. कार्ट्रिज निवडताना आपल्या कानाआधी तबकडीचा विचार करा. कार्ट्रिज पुढच्या महिन्यात पुन्हा मागवता येईल. बाल गंधर्वांची, हिराबाई बडोदेकरांची, गजानन वाटव्यांची ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड पुन्हा छापून येणार नाही. या मोठ्या नावांचं गाणं निदान कुठंतरी जपलेलं तरी सापडेल. ज्या गायकाच्या दोनच तबकड्या निघाल्या, ज्या भीमगीतांच्या, कव्वालीच्या, भारुडाच्या रेकॉर्डी मोजक्या विकल्या गेल्या, त्यांचं काय? तुमच्या माळ्यावरची प्रत ही कदाचित शेवटच्या काही प्रतींपैकी असेल. तिच्यावर काय टेकवायचं हे भाव बघून नंतर ठरवू, आधी तिला काय सोसेल ते बघू.

आता मारेकऱ्यांची नावं घेऊ. पहिला मारेकरी म्हणजे सुटकेससारखा दिसणारा स्वस्त प्लेयर. लग्नात भेट द्यायला, खोलीत फोटो काढायला लोक तो घेतात. त्यातल्या बहुतेकांत लाल प्लास्टिकची सुई आणि सिरॅमिक कार्ट्रिज असतं, तबकडीवर सुईचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास, आणि ते वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. आर्म हलका, बेअरिंग ढिलं. नव्या गाण्यांची नवी रेकॉर्ड त्यावर वाजवून खराब केली तर ती ज्याची त्याची. आजोबांची पेटी मात्र त्याच्यावर नेऊ नका.

दुसरा मारेकरी पितळी कर्ण्याचा. दिवाणखान्यात शोभेला म्हणून जुन्या बाजारातून जो ग्रामोफोन आणतात, त्यातला खूपसा माल जुन्या-नव्या भागांची जोडाजोड असतो. खरा ग्रामोफोन असला तरी त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारी डबी, शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो आणि त्याला लोखंडी पिन लागते, तीही प्रत्येक बाजूला नवी. लाखेच्या ७८ रेकॉर्डीत मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असे, म्हणजे पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी. पूर्वीची माणसं पिनांची डबी जवळ ठेवत आणि दर गाण्याला पिन फेकत. आज तीच पिन महिनाभर वापरतात. ‘पाहुणे आले की वाजवतो’ म्हणून सांगतात. आणि कुणी त्याच कर्ण्याखाली एलपी ठेवली, तर एका वाजवण्यात ती संपली.

तिसरा मारेकरी सगळ्यांत जवळचा: आपल्याच घरातल्या जुन्या प्लेयरची वीस-तीस वर्षांपूर्वीची सुई. ‘चालू आहे की अजून,’ असं म्हणतात. आवाज येतो म्हणजे सुई चांगली आहे, हा समज काढून टाका. नीलमाच्या सुईचं आयुष्य पन्नास तासांच्या आसपास. हिऱ्याच्या साध्या गोल टोकाच्या सुईला ऑडिओ-टेक्निका कंपनी ५०० तास सांगते, लंबगोल टोकाला ३००. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी वाजवली तर ३०० तास सव्वा वर्षात संपतात. घरात ती सुई कधी बदलली हे कुणालाच आठवत नसेल, तर ती बदलायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

आता खरेदी. आधी आपल्याकडं काय आहे ते ओळखा, कारण निम्मे पैसे इथंच वाया जातात.

पहिला प्रकार जुना. मराठवाड्यातल्या घरांत जे जुने प्लेयर निघतात त्यांत एचएमव्हीचे फिएस्टासारखे पेटीबंद प्लेयर पुष्कळ. त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं. सिरॅमिक कार्ट्रिज काहीशे मिलिव्होल्टपर्यंत वीज देतं, म्हणून त्याला ती वीज वाढवणारा वेगळा फोनो प्रीअँप लागत नाही. आतला छोटा अँप्लिफायर तेवढ्यावर चालतो. अशा प्लेयरला कुणी उत्साहानं पाच हजारांचं चुंबकी कार्ट्रिज आणून बसवलं तर तीन गोष्टी होतील. ते नीट बसणार नाही. बसवलंच तर आवाज अगदी क्षीण येईल. आणि तो जड आर्म नव्या सुईची नाजूक दांडी वाकवून टाकेल. तेव्हा अशा प्लेयरला फक्त सुई बदला. जुन्या मॉडेलच्या सुया अजून मिळतात, काहीशे रुपयांत मिळतात, हिऱ्याच्याही मिळतात. कित्येक सिरॅमिक कार्ट्रिजांत उलटायची सुई असते: एका बाजूला एलपीचं टोक, दुसऱ्या बाजूला ७८ चं. ती खूण बघा आणि रेकॉर्ड बदलली की न विसरता खटका फिरवा. मोडकं कार्ट्रिज घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिककडं जा. त्याला मॉडेल नंबर माहीत नसला तरी सुईची बैठक बघून तो जोड ओळखतो. पण मेकॅनिक ‘सुई सुईच असते भाऊ, कुठलीबी लाव’ म्हणाला, तर दुसरा मेकॅनिक शोधा.

दुसरा प्रकार म्हणजे अलीकडं घरात आलेले नवे स्वयंचलित प्लेयर. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-६० हा त्यातला ओळखीचा. त्याचं कार्ट्रिज आर्ममध्येच पक्कं असतं, भार कारखान्यात ठरवलेला असतो. तिथं निवडीला जागा नाही, आणि त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचंही कारण नाही. त्याची ३६०० जातीची सुई ओढून काढायची, नवी दाबून बसवायची. काम झालं. साडेतीन ग्रॅमच्या आसपास भार, गोल टोक, धीट सुई. तिच्यातून फार बारकावे येत नाहीत, पण ती नवी असेल तर रेकॉर्डीचं नुकसानही करत नाही. लोक तिला नावं ठेवतात. झिजलेल्या महागड्या सुईपेक्षा ती शंभरदा बरी.

खरी निवड तिसऱ्या प्रकारात आहे. आर्मच्या मागं फिरवायचं वजन आहे, पुढं सुटं होणारं हेडशेल आहे, त्यात कार्ट्रिज दोन स्क्रूंनी बसतं आणि त्या स्क्रूंमध्ये अर्धा इंच अंतर आहे. असा प्लेयर असेल तर बाजार उघडा आहे, आणि फसवणूकही.

माझा निकाल आधी सांगतो, कारणं मागून. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-९५ मालिका घ्या. १९६२ साली टोकियोत सुरू झालेली ही कंपनी कार्ट्रिजांवरच मोठी झाली, आणि तिच्या गाजलेल्या एटी-९५ ई ची जागा या मालिकेनं घेतली. तिचा मोठेपणा तिच्या आवाजापेक्षा तिच्या रचनेत आहे. कार्ट्रिजचं एकच अंग आणि सहा प्रकारच्या सुया: गोल, लंबगोल, त्याहून चांगली लंबगोल, मायक्रोलिनिअर आणि शिबाता ही आणखी बारीक टोकं, आणि सहावी खास ७८ च्या रेकॉर्डींसाठी. सगळ्या एकाच अंगावर बसतात. आज स्वस्त सुई घ्या, दोन वर्षांनी पैसे साठले की वरची सुई त्याच अंगात सरकवा. ज्याचा हात आखडता आहे त्याच्यासाठी याहून शहाणी रचना बाजारात मला दिसलेली नाही. स्क्रूचे आटे अंगातच आहेत, त्यामुळं बारीक नट धरायची कसरत वाचते, आणि ती कसरत करताना सुई तुटायची धास्तीही.

सहावी सुई हीच मराठवाड्यातल्या माणसासाठी खरी बातमी आहे. आपल्या पेट्यांत माल मिसळलेला असतो. एलपी आहेत, सात इंची ईपी आहेत आणि तळाशी ७८ च्या जड तबकड्या आहेत. भारतात ७८ च्या रेकॉर्डी बाकी जगापेक्षा बऱ्याच उशिरापर्यंत निघत होत्या, अगदी साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा इथं ७८ वर छापली गेली. म्हणून आपल्याकडं त्या एवढ्या आहेत. आणि बहुतेक लोक त्या एलपीच्या सुईनं वाजवतात. एलपीच्या गोल सुईचं टोक १५ मायक्रॉनचं, ७८ च्या सुईचं ७६ मायक्रॉनचं. पाचपट फरक. एलपीची सुई ७८ च्या खाचेत म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीत सायकलचं चाक: ते तळाशी धूळ-खड्यातून हेलपाटत जातं, कडेच्या भिंतींना टेकतच नाही, आणि गाणं तर भिंतींवर कोरलेलं आहे. मग ऐकणारा म्हणतो, जुनी रेकॉर्ड आहे, खरखरणारच. यातली बरीचशी खरखर तुमच्या सुईची आहे. योग्य मापाची सुई लावा आणि तीच तबकडी पुन्हा ऐका. तंबोरा ऐकू येईल, गवयाचा श्वास ऐकू येईल.

फक्त दोन अटी तपासा. ही ७८ ची सुई पाच ग्रॅम भार मागते, तेवढा तुमचा आर्म देऊ शकतो का? आणि तुमच्या प्लेयरला ७८ चा वेग आहे का? नव्या प्लेयरपैकी पुष्कळांना ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. विचारा.

आता गोल की लंबगोल? इथं मी प्रवाहाच्या उलट बोलणार आहे. जाणकार मंडळी लगेच लंबगोल सुचवतात. ती खाचेचे बारकावे जास्त उचलते हे खरं. पण ती कार्ट्रिज किती अचूक बसवलंय यावर फार अवलंबून असते, तीनशे तासांत संपते, आणि तिची चांगुलपणाची फेड स्वच्छ, न झिजलेल्या स्टिरिओ रेकॉर्डीवर मिळते. तुमची पेटी तशी आहे का? लेबलावरचा क्रमांक बघा. एचएमव्हीच्या एलपीवर ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. पेटीत मोनो जास्त निघाल्या, त्यावर चरे असले, आणि कार्ट्रिज पहिल्यांदाच हातात घेताय, तर गोल टोकाची व्हीएम-९५ सी घ्या. ती मालिकेत सगळ्यांत स्वस्त, जास्त टिकणारी आणि बसवण्यातली थोडी चूक पोटात घालणारी. पेटीत सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चांगल्या ठेवलेल्या स्टिरिओ एलपी असतील तर पाच-सहा हजारांच्या आसपास मिळणारी लंबगोल ई घ्या. भार दोन ग्रॅम, त्यात पाव ग्रॅमही इकडं-तिकडं नको.

मोनो रेकॉर्डींसाठी फुकटचा एक उपाय आहे आणि तो कुणीच करत नाही. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. सुईच्या वर-खाली हालचालीतून येतो तो कचरा. बटण दाबलं की डाव्या-उजव्या बाजूंचा तो कचरा एकमेकांना खोडतो. एक पैसाही न घालता आवाज निवळतो.

डेन्मार्कची ऑर्टोफॉन, १९१८ पासूनची कंपनी, तिचं टू-एम रेड हेही चांगलं कार्ट्रिज आहे. आवाज जरा जास्त मोकळा, वीज साडेपाच मिलिव्होल्ट, त्यावर पुढं निळी सुई चढवता येते. पैसे असतील तर जरूर घ्या. पण ७८ च्या तबकड्या ज्याच्या घरात आहेत त्याला मी तेच पैसे व्हीएम-९५ च्या अंगात आणि दोन सुयांत घालायला सांगेन.

चुंबकाऐवजी वेटोळं हलतं अशा मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजांच्या नादी सध्या लागू नका. वीज मिलिव्होल्टच्या काही दशांशांत, तिच्यासाठी वेगळा महाग प्रीअँप, आणि सुई झिजली की घरी बदलता येत नाही, सगळं कार्ट्रिजच परत पाठवायचं. नांदेडहून ते कुठं पाठवणार आणि परत कधी येणार?

जुन्या नव्याकोऱ्या मालाचाही मोह होतो. ‘१९७५ सालचं शुअर, सीलबंद, कधी वापरलेलं नाही.’ शुअर कंपनीनं २०१८ साली कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तेव्हापासून हे भाव चढले. पण दांडीला तोलून धरणारा रबराचा कणभर तुकडा वापरला नाही तरी म्हातारा होतो, आणि आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत लवकर होतो. तो कडक झाला की सुई खाचेबरोबर वाकत नाही, खाच खरवडते. सीलबंद असणं हा गुण समजू नका. घरातच जुनं शुअरचं अंग असेल तर मात्र ते फेकू नका. त्यासाठी नवी सुई घ्या. जपानची जिको कंपनी, जी १८७३ साली शिवणाच्या सुया करणारी म्हणून सुरू झाली, ती असल्या जुन्या कार्ट्रिजांच्या सुया आजही बनवते.

खरेदी कुठं? लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत कार्ट्रिज मांडून ठेवलेलं मला दिसलेलं नाही. नांदेडकराला हैदराबाद जवळ, तिथं कोठीची गुजराती गल्ली आहे. लातूरकर पुण्याला जातो, तिथं बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. सुटे भाग, तारा, हेडशेल, स्क्रू यांसाठी हे बाजार ठीक. मूळ कार्ट्रिज मात्र कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, भले चारशे-पाचशे जास्त जावोत. ऑनलाइन बाजारात नकली सुया सर्रास आहेत: डबी हुबेहूब, आत टोक वाकडं चिकटवलेलं. एका विक्रेत्यानं मला तशी पाठवली होती. भिंगाखाली धरल्यावर कळलं. दहा-वीस पट मोठं दाखवणारं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं, सोनारही वापरतात. सुई आली की लावण्याआधी बघायची, आणि परत घेण्याची अट नसेल तिथून घ्यायचीच नाही.

बजेटातले सगळे पैसे कार्ट्रिजात घालू नका, हे आणखी एक. पाचशे-हजारात इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो, ग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारा. तो नसेल तर आर्मवरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि जुन्या आर्मवरचे आकडे खोटं बोलतात. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा समज अगदी उलटा आहे. कमी भारानं सुई खाचेत उडते, भिंतींवर आदळते आणि कायमचे चट्टे पाडते. कंपनीनं दोन ग्रॅम सांगितलेत ना, दोन द्या. कार्ट्रिज सरळ बसलंय का बघायला कागदी मापपट्टी पुरते, छापून घेता येते. हेडशेलच्या चार तारा अशा लावायच्या: पांढरी डावी, निळी डाव्याची अर्थ, लाल उजवी, हिरवी उजव्याची अर्थ. तारा ओढताना पक्कड हलक्या हातानं, आणि त्या वेळी सुई काढून बाजूला ठेवलेली. नव्वद टक्के सुया वाजवताना नाही, बसवतानाच तुटतात असं म्हटलं तर कुठलाच मेकॅनिक माझ्याशी भांडणार नाही.

अँप्लिफायरला फोनो जोडणी नसेल तर दोन-तीन हजारांचा छोटा फोनो प्रीअँपही धरा. १९५४ पासून एलपी ठरलेल्या आरआयएए प्रमाणानं कापतात, खालचे स्वर दाबून आणि वरचे चढवून. प्रीअँप ते पुन्हा जागेवर आणतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि चिरका येतो आणि माणूस बिचाऱ्या कार्ट्रिजला शिव्या देतो.

आणि धूळ. लातुरात डाळ मिलची धूळ, नांदेडच्या बाजूला कापसाचा भुगा, दोन्हीकडं उन्हाळ्यातली वावटळ. दर रेकॉर्डीआधी सुई मऊ कुंचल्यानं मागून पुढं झाडायची, पुढून मागं कधीच नाही. रेकॉर्ड धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, त्यातला क्षार खाचेत बसतो आणि नवी सुई त्यावरून घासत जाते. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणा, स्वस्त आहे. एलपीसाठी पाण्यात थोडं स्पिरिट चालतं. ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिटचा थेंबही लावू नका. लाख त्यात विरघळते. हे माहीत नसलेल्या एका भल्या माणसानं आठवडाभर खपून आपल्या वडिलांच्या तबकड्या ‘स्वच्छ’ केल्या. त्या परत आल्या नाहीत.

माइक सर्व्हिसवाल्यांच्या पेट्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. लग्नं, जत्रा, निवडणुका, भीमजयंती. भोंग्यावर रेकॉर्ड वाजल्याशिवाय आपल्याकडं मांडवाला मांडवपण नसायचं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यानं धंदा केला त्याच्या पेटीत संगीताच्या पुस्तकांत न सापडणारी गाणी असतात. प्रल्हाद शिंद्यांच्या तबकड्या असतात, शकीला बानोच्या कव्वाल्या असतात, नांदेड म्हटल्यावर गुरबाणीचे शबदही असतात. या रेकॉर्डी जड आर्मखाली, उघड्यावर, एका सुईनं हजारदा वाजल्या आहेत. नवं कार्ट्रिज त्यांना नवं करू शकत नाही. पण वेगळ्या आकाराची सुई भिंतीच्या न झिजलेल्या पट्ट्यावर टेकू शकते, आणि तिथं गाणं अजून शिल्लक असतं. म्हणून ‘ही वाजत नाही’ असं ठरवून भंगारात घालण्याआधी दुसऱ्या टोकानं एकदा ऐका. कॅफेच्या भिंतीवर रंगवलेल्या तबकड्या आणि एलपीची घड्याळं बघितली की माझा जीव तुटतो. त्यातली एकही कुणी योग्य सुईनं ऐकून मग भिंतीला लावलेली नसते.

हे सगळं एकेका घरावर सोडून भागणार नाही. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून जुन्या रेकॉर्डींचं काम करते आहे. मराठवाड्यातल्या पेट्यांना असा आधार जवळ नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, दोन्ही जिल्ह्यांत जुनी ग्रंथालयं आहेत. त्यांनी ७८ चा वेग असलेला एक चांगला प्लेयर, व्हीएम-९५ चं एक अंग, एलपीची आणि ७८ ची अशा दोन सुया, एक काटा आणि संगणकाला जोडायचं एक साधन एवढंच घ्यावं. एका सत्कार समारंभाच्या मांडवापेक्षा याला कमी पैसे लागतील. महिन्यातून एक रविवार ठरवावा, लोकांनी आपली पेटी आणावी, गाणं उतरवून घ्यावं आणि पेटी परत न्यावी. ज्या वाचकांची या संस्थांत ओळख आहे त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत काढावा. आणि ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी तोवर ७८ ची एकही रेकॉर्ड एलपीच्या सुईखाली ठेवू नये.